खोली सत्तावीसचा शनिवार

जर्मनीतल्या लष्करी महाविद्यालयात पोचल्यावर पहिल्याच दिवशी झोपायच्या वेळी श्रीरंग चौबळने आपले बूट खोलीच्या दाराबाहेर नीट जोडून ठेवले आणि तो निवांत झोपी गेला.

यात आपण काही वेगळं केलं असं त्याच्या मनातही आलं नाही. खडकवासल्याला तीन वर्षं तो हेच करत आला होता. तिथे भास्कर नावाचा ऑर्डर्ली होता. तो बूट आणि पट्टा घेऊन जायचा आणि सकाळी आणून ठेवायचा, तेव्हा बुटाच्या टोकात तोंड बघून भांग पाडता यायचा. इथला ऑर्डर्ली नवीन, त्याला आपलं नाव माहीत नसणार, म्हणून श्रीरंगने पुण्याच्या वर्गात शिकलेल्या जर्मनमध्ये एक चिठ्ठीसुद्धा लिहून उजव्या बुटात खोचली: ‘कॅडेट चौबळ. कृपया काळं पॉलिश. धन्यवाद.’

पहाटे साडेपाचला शिट्टी झाली. श्रीरंगने दार उघडलं, तर बूट नव्हते. इकडे शोध, तिकडे शोध. शेवटी वेळ झाली आणि बिचारा खेळाचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालूनच मैदानात जाऊन उभा राहिला. नव्वद कॅडेट, एकशे अठ्ठ्याहत्तर काळे बूट आणि हे दोन पांढरे.

रांगेसमोर हवालदार-मेजर लिंडनर उभे होते. पन्नाशीचा, बुटका, मानेचा पत्ता नसलेला माणूस. त्यांच्या दोन बोटांत श्रीरंगचे बूट लोंबत होते.

“हे कोणाचे?”

“माझे, सर.”

लिंडनरनी चिठ्ठी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. ‘धन्यवाद’ हा शब्द त्यांनी विशेष प्रेमाने उच्चारला. रांगेत हसायची परवानगी नव्हती, त्यामुळे कोणी हसलं नाही. पण बाकीच्या एकोणनव्वद जणांचे खांदे थरथरत होते.

“हेर चौबळ,” ते ‘श्रीयुत चौबळ’ म्हणावं तशा अदबीने म्हणाले, “सकाळचा नाश्ताही खोलीत पाठवू का? अंडं एक, की दोन?”

वरिष्ठांनी प्रश्न विचारला की स्पष्ट आणि ताबडतोब उत्तर द्यायचं, हे श्रीरंगच्या अंगात भिनलेलं होतं. “दोन, सर!” तो खणखणीत आवाजात म्हणाला.

मग मात्र एकोणनव्वद जणांचा बांध फुटला. त्या सकाळी अख्ख्या तुकडीला मैदानाच्या चार फेऱ्या जास्त धावाव्या लागल्या, आणि श्रीरंगला नवं नाव मिळालं: महाराजा.

महाराजा कसला! साताऱ्याच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचा हा धाकटा मुलगा. घरी गाद्या घालायला, कपड्यांच्या घड्या करायला आई आणि दोन बहिणी; खडकवासल्याला भास्कर. धावणं, नेमबाजी, नकाशावाचन यांत तो कोणाला हार जाणारा नव्हता. परदेशी पाहुणा कॅडेट म्हणून त्याची निवड झाली ती काही उगीच नाही. पण वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्याने स्वतःच्या सदऱ्याची घडी एकदाही घातलेली नव्हती, आणि निवड करणाऱ्या साहेबांपैकी कोणाला हे विचारायचं सुचलं नव्हतं.

हे १९६० सालच्या ऑक्टोबरमधलं. बॉनहून आगगाडीने तासाभरावर, ऱ्हाइनकाठच्या एका गावात ते महाविद्यालय होतं. श्रीरंगच्या वाट्याला खोली सत्तावीस आली. खोलीत तिघे. ऊडो हा कील बंदरातल्या सुताराचा मुलगा. ताडासारखा उंच, जिभेने तिखट, आणि वयाने मोठा म्हणून खोलीप्रमुख. दुसरा रायनर, आर नदीच्या खोऱ्यातल्या द्राक्षमळेवाल्यांचा. गोल चेहऱ्याचा, सावकाश बोलणारा. तिघांना तीन लोखंडी पलंग, तीन उभी कपाटं, एक टेबल आणि एक खिडकी.

त्या कपाटांनी श्रीरंगचा जीव मेटाकुटीला आणला. सदरे, बनियन, टॉवेल, सगळ्यांच्या घड्या टाइप करायच्या कागदाइतक्या रुंद हव्यात. त्यांची चळत अशी हवी, की समोरून पाहिलं तर विटांची भिंत वाटावी. दात घासायचा ब्रश पेल्यात डावीकडे तोंड करून. पलंगाची चादर इतकी ताठ, की टाकलेलं नाणं उडालं पाहिजे. दर शनिवारी लिंडनर तपासायला येत. कपाट मनास आलं नाही, तर ते तळचा एकच सदरा चिमटीत धरून ओढत आणि सगळी चळत जमिनीवर येई. कॅडेट याला ‘भूकंप’ म्हणत. पहिल्या शनिवारी खोली सत्तावीसमध्ये भूकंप झाला तो श्रीरंगच्या कपाटाला. दुसऱ्या शनिवारीही त्यालाच.

“साताऱ्यात कोयना नदीवर धरण बांधतायत म्हणे,” ऊडो गुडघ्यावर बसून बनियन गोळा करायला मदत करत म्हणाला. श्रीरंगनेच त्याला ही माहिती मोठ्या अभिमानाने दिली होती. “तुझ्यासारखे लोक बांधत नसले म्हणजे मिळवली.”

श्रीरंगला राग आला. “माझ्या देशात अधिकारी बनियनच्या घड्या घालत नाहीत.”

“जा, जा. बनियनच घालत नसतील.”

श्रीरंग आणखी काही बोलणार, तेवढ्यात रायनर हळूच म्हणाला, “ऊडो, पुरे. अजून दोन शनिवार आहेत.”

दोघेही पुन्हा बनियन गोळा करू लागले. त्या संध्याकाळी बूट पुसता पुसता ऊडोनेच श्रीरंगला खरी गोष्ट सांगितली. पहिले चार आठवडे कोणालाही फाटकाबाहेर जायची मुभा नाही. चौथ्या शनिवारी, एकोणतीस तारखेला, पावणेबाराला मोठी तपासणी. जी खोली उत्तीर्ण होईल तिला रविवार संध्याकाळपर्यंत सुटी. सुटी माणसाला मिळत नाही, खोलीला मिळते. एकाचं कपाट पडलं की तिघेही अडकले. आणि त्याच एकोणतीस तारखेला दुपारी तीन वाजता रायनरच्या बहिणीचं, गिझेलाचं, लग्न होतं.

“वडील रशियात गेले ते परत आले नाहीत,” ऊडो म्हणाला. “आजोबा गेल्या हिवाळ्यात वारले. आता तिचा हात धरून चर्चात न्यायला हाच एक. तुला सांगायचं नाही असं त्याने मला बजावलंय. म्हणून मी सांगतोय.”

श्रीरंगच्या दोन्ही बहिणींची लग्नं झाली होती. धाकटीच्या लग्नात मामा वेळेवर पोचला नाही, तर अंतरपाट धरून सगळे खोळंबले होते आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. भाऊच आला नाही तर काय झालं असतं, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“ऊडो,” तो म्हणाला, “सदऱ्याची घडी कशी घालतात?”

ऊडोने खिशातून सुताराची घडीची लाकडी पट्टी काढली. “गेनाऊ! अगदी हाच प्रश्न तू पहिल्या दिवशी विचारायला हवा होतास, महाराजा. बस.”

त्या दिवसापासून रोज जेवणानंतर एक तास शिकवणी सुरू झाली. ऊडो मास्तर म्हणून फार कडक निघाला. घडी एक बोटभर चुकली की तो पट्टीने टेबलावर टकटक करी आणि सदरा झटकून परत देई. श्रीरंगने आठवडाभरात एकाच सदऱ्याची दीडशे वेळा तरी घडी घातली असेल. तिसऱ्या शनिवारी लिंडनर कपाटासमोर बराच वेळ उभे राहिले, तळच्या सदऱ्याला त्यांनी बोट लावलं आणि फक्त टॉवेल खाली टाकले. खोली सत्तावीसच्या दृष्टीने ही दिवाळीच होती.

मधल्या रविवारी श्रीरंगला भेटायला बॉनहून मोहनराव आणि वीणावहिनी आले होते. मोहनराव वकिलातीत कामाला होते आणि श्रीरंगच्या वडिलांचे जुने विद्यार्थी. भेटीच्या खोलीत लाकडी बाकावर तिघे बसले.

“सरांचं पत्र आलं,” मोहनराव म्हणाले. “लिहितात, मुलगा वाळलाय का ते डोळ्यांनी बघून कळवा. आल्झो, हं तर, उभा राहा बघू.”

“अहो, परेड कसली घेताय त्याची!” वीणावहिनी म्हणाल्या. “भाऊजी, खायला काय देतात?”

“बटाटे, वहिनी. उकडलेले. काल बटाटे, आज बटाटे. गुरुवारी मसुरीचं दाटसं सूप असतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं हो. पण वर सॉसेज, आणि चवीला नुसतं मीठ.”

“तरी म्हटलं!” वहिनींनी पिशवीतून एक काचेची बरणी काढली. जर्मन बायका फळं टिकवतात तसली, रबराची कडी आणि तारेची कळ असलेली. आत लिंबाच्या फोडी, हळद, तिखट. “इटलीची लिंबं मिळाली. परवाच घातलंय. पण आता नीट ऐका. चाळीस दिवस ही उघडायची नाही.”

“चाळीस?”

“मुरायला नको? कच्चं खाल्लंत तर कडू लागेल आणि नाव माझं खराब होईल. रोज एकदा हलवायची आणि ऊन दिसलं की उन्हात ठेवायची.”

“वहिनी, इथे ऊन कुठलं? आल्यापासून पाऊसच आहे.”

“कधीतरी पडेल की! पडलं की ठेवायची. विसरायचं नाही.”

“विसरला तर हिच्या कोर्टात थेट फाशी,” मोहनराव म्हणाले.

झालं. बरणी खोलीत आली. रोज सकाळी पलंग आवरून झाला, की श्रीरंग ती दोन्ही हातांत धरून दहादा खालीवर हलवी. ऊडो त्याच्या बाजूला उभा राहून मोजी, “आइन्स, त्स्वाय, आइन्स, त्स्वाय.” मग ती परत ट्रंकेत. गुरुवारी मसुरीचं सूप आलं तेव्हा मात्र श्रीरंगची कसोटी लागली.

“एक फोड,” ऊडो म्हणाला. “तिघांत एक. तुझ्या वहिनींना बॉनमध्ये बसून कसं कळणार?”

“कळतं त्यांना.”

“कसं?”

“ते मला माहीत नाही. पण कळतं.”

रायनर सूप ढवळत हसला. “माझ्या आईलाही कळतं,” तो म्हणाला.

एकोणतीस तारीख उजाडली. गाडी बारा चाळीसची. ती चुकली तर पुढची चारला, म्हणजे लग्न लागून गेल्यावर. रायनरने आपला चांगला गणवेश आधीच ब्रश करून दाराला टांगला होता. सकाळपासून त्याने खिशातलं घड्याळ इतक्यांदा काढून पाहिलं, की ऊडोने शेवटी ते स्वतःच्या खिशात टाकलं.

कपाटं दहा वाजेपर्यंत झाली. अडचण आली ती चादरींची. त्या आठवड्याच्या धुतलेल्या चादरी आल्या त्या चुरगळलेल्या, आणि मजल्यावर इस्त्री एकच. तिच्यासमोर बारा खोल्यांची रांग.

“गेलं,” ऊडो म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या तोंडून चेष्टा निघाली नाही.

श्रीरंगने चादर हातात घेतली. जरा दमट होती. आणि त्याला एकदम साताऱ्याचं अंगण दिसलं. वडिलांचं धोतर अर्धवट वाळलं, की एक टोक वडिलांच्या हातात आणि एक त्याच्या. पाय रोवायचे, मागे रेलायचं आणि ओढायचं. मग तिरकं ओढायचं, मग झटका, मग घडी. इस्त्री घरात नव्हतीच, आणि वडिलांच्या धोतराला कधी सुरकुती नव्हती.

“रायनर, ही दोन टोकं धर. पाय रोव. आता मागे पड.”

“पडू?”

“पड रे, मी धरलंय!”

रायनर मागे रेलला. चादर मधोमध तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. सरळ, तिरकी, उलट तिरकी, झटका. पहिल्या झटक्याला रायनर कपाटावर जाऊन आदळणार होता, ऊडोने त्याला वरच्यावर झेलला. तिसऱ्या चादरीपर्यंत दोघांचा हात बसला. दमट चादरी पलंगावर ओढून बसवल्या त्या वाळता वाळता आणखी ताठ झाल्या. ऊडोने नाणं टाकलं. नाणं उडालं आणि थेट पलंगाखाली गेलं.

“महाराजा,” ऊडो पालथा पडून नाणं शोधता शोधता म्हणाला, “हे तू चार आठवडे कुठे लपवून ठेवलं होतंस?”

पावणेबाराला अजून वेळ होता. तेवढ्यात बाहेर बुटांचा आवाज झाला आणि दार उघडलं. हवालदार-मेजर लिंडनर आत आले. तिघेही खाडकन ताठ झाले. ऊडोने वर्दी दिली, “खोली सत्तावीस, तीन कॅडेट, तपासणीसाठी सज्ज!”

लिंडनरनी ऊडोचं कपाट पाहिलं. रायनरचं पाहिलं. मग श्रीरंगच्या कपाटासमोर उभे राहून त्यांनी तळचा सदरा चिमटीत धरला. रायनरने डोळे मिटले. लिंडनरनी सदरा सोडला. पलंगावर हात फिरवला, वाकून कडेने नजर टाकली, आणि त्यांच्या भुवया जरा वर गेल्या. ब्रश डावीकडे बघत होता. कपाटावर धूळ नव्हती. लिंडनर वळले आणि दाराकडे चालू लागले.

दारात ते थांबले. त्यांची नजर खिडकीकडे होती.

चार आठवड्यांत पहिल्यांदा त्या सकाळी धुकं विरून स्वच्छ ऊन पडलं होतं. आणि बाहेरच्या दगडी कठड्यावर, त्या उन्हात, लिंबाच्या लोणच्याची बरणी सोन्यासारखी चमकत होती. साडेनवाला ऊन दिसताक्षणी श्रीरंगने ती तिथे ठेवली होती. मग चादरी आल्या, आणि बरणी त्याच्या मनातून साफ गेली.

खिडकीत काहीही ठेवायचं नाही, हा नियम दाराच्या मागेच टांगलेला होता. क्रमांक सहा.

“हे काय आहे?”

“लिंबाचं लोणचं, सर,” श्रीरंग म्हणाला. “मी ठेवलंय. चूक माझी एकट्याची आहे. मला महिनाभर सुटी देऊ नका, दोन महिने देऊ नका. पण रायनरला जाऊ द्या. त्याच्या बहिणीचं...”

“रजेचे अर्ज मी वाचतो, हेर चौबळ. सुटी खोलीला मिळते. तो नियम माझा नाही, मी बदलू शकत नाही.” लिंडनरनी खिडकी उघडून बरणी आत घेतली आणि उजेडात धरली. “हे बाहेर का?”

“उन्हात मुरतं, सर. चाळीस दिवस.”

“आज कितवा?”

“पंधरावा.”

लिंडनरनी रबराच्या कडीवरून अंगठा फिरवला. “उघडून पाहिलंत?”

“नाही, सर.”

“एकदाही नाही?”

ऊडोला राहवलं नाही. “सर, मी रोज मागतोय. देत नाही! वहिनींचा हुकूम आहे म्हणतो.”

“तुम्हाला कोणी विचारलं?” लिंडनर म्हणाले, पण त्यांचं लक्ष बरणीकडेच होतं. “माझी आई कोबी घालायची. मातीच्या मडक्यात, वर दगड ठेवून. सहा आठवडे. मी सात वर्षांचा असताना चौथ्या आठवड्यात दगड उचलला होता.” त्यांनी बरणी जरा तिरकी केली. “मार मला अजून आठवतो. आणि आईला कळलं कसं, ते अजून कळलेलं नाही.”

त्यांनी मनगट वर करून घड्याळ पाहिलं.

“तपासणी किती वाजता आहे, खोलीप्रमुख?”

“अकरा पंचेचाळीसला, सर.”

“आत्ता किती वाजलेत?”

ऊडोने खिशातून रायनरचं घड्याळ काढलं. “अकरा... अकरा बेचाळीस, सर.”

“मग मी अजून आलेलोच नाही,” हवालदार-मेजर लिंडनर म्हणाले. “ठरल्या वेळेआधी तपासणी करणं हा बेशिस्तपणा आहे. ही बरणी बेवारस सापडली. माझ्या कचेरीच्या खिडकीत दक्षिणेचं ऊन येतं. रोज किती वेळा हलवायची?”

“द... दहा वेळा, सर.”

बरणी काखेत मारून ते बाहेर पडले. दार लागलं. तीन मिनिटं तिघेही जागचे हलले नाहीत. श्वास घेतला असेल तर तो पाळीपाळीने. बरोबर पावणेबाराला दारावर टकटक झाली. ऊडोने पुन्हा तीच वर्दी दिली, जरा चिरक्या आवाजात. लिंडनरनी पुन्हा तिन्ही कपाटं पाहिली, पलंग पाहिले, खिडकीपाशी जाऊन रिकाम्या कठड्याकडे चांगलं रोखून पाहिलं आणि वहीत लिहिलं.

“खोली सत्तावीस, उत्तीर्ण. आणि हेर चौबळ, स्टेशन पाच किलोमीटरवर आहे. चालत गेलात तर गाडी चुकेल.”

ते चालले नाहीत. फाटकातून स्टेशनापर्यंत तिघेही धावले, आणि रायनरने धावता धावताच ठरवून टाकलं, की या दोघांनीही लग्नाला यायचं. आई ओरडणार नाही का, असं श्रीरंगने डब्यात विचारलं, तर रायनर म्हणाला, “ओरडेल. तुला कमी वाढलं म्हणून मला ओरडेल.”

तीनला पाच कमी असताना ते चर्चाच्या पायऱ्यांशी पोचले. द्राक्षांची तोडणी होऊन गेली होती. डोंगरउतारावरचे मळे पिवळेधमक दिसत होते. सगळं गाव आत जाऊन बसलं होतं. पायरीवर पांढऱ्या पोशाखातली गिझेला आणि तिची आई, दोघीच उभ्या होत्या. आई दहा वेळा म्हणाली होती, आता मीच नेते तुला. गिझेला जागची हलली नव्हती.

भावाला पाहून ती रडली नाही की हसली नाही. तिने आधी त्याची टोपी सरळ केली, कपाळावरचा घाम रुमालाने पुसला आणि मग त्याच्या दंडात हात अडकवला.

श्रीरंग आणि ऊडो मागच्या बाकाशी जाऊन उभे राहिले. ऑर्गन सुरू झाला. दारातून रायनर आणि गिझेला आत आले, आणि ऊडोने श्रीरंगला कोपराने ढोसलं. चार आठवड्यांच्या कवायतीने रायनरच्या पायांत असं काही घर केलं होतं, की तो बहिणीला घेऊन सरळ संचलन करत निघाला होता. लांब, ठोक्यावर पडणारी पावलं, हनुवटी वर, नजर समोर. गिझेला झगा सावरत त्याच्या बाजूने जवळजवळ धावत होती.

मागच्या बाकापाशी आल्यावर तिने ओठ न हलवता त्याला म्हटलं, “रायनर, मूर्खा, हळू. माझं लग्न आहे.”

रायनर कानापर्यंत लाल झाला. त्याने एक पाऊल जागच्या जागी बदललं, मग दुसरं अर्धं टाकलं, आणि मग बहिणीच्या पायांकडे बघत बघत, तिच्या पावलाइतकंच पाऊल टाकत, तो तिला पुढे घेऊन गेला.